‘पुस्तकातला बाळ्या’: एका शाळेच्या वाचनपेटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं गाव. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, पट १६८, शिक्षक सहा. (ओळख पटू नये म्हणून गाव, आकडे आणि काही तपशील बदलले आहेत. मुलाचं नावही खरं नाही.) पूर्वी या शाळेत गावातलीच मुलं असायची. आता निम्म्याहून जास्त मुलं कामासाठी आलेल्या कुटुंबांतली आहेत. मराठवाड्यातले कंपनी कामगार, बांधकामावरची बंजारा कुटुंबं, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले वेल्डर आणि रंगारी, भंगार आणि बेकरीच्या धंद्यातली मुस्लिम घरं आणि डोंगराकडच्या ठाकरवाडीतली काही मुलं. घरी मराठी, गोरमाटी (बंजारांची बोली), भोजपुरी, दखनी बोलली जाते. शाळेत मात्र सगळ्यांना एकच मराठी, पाठ्यपुस्तकातली.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय असायला हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत. इथेही होतं, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत एक कुलूपबंद कपाट होतं. पुस्तकं चारशेच्या आसपास. त्यातली बरीचशी मोठ्यांसाठीची, उरलेली चरित्रं आणि बोधकथा. पुस्तक हरवलं तर भरपाई कोणी करायची या भीतीने कपाट सहसा उघडत नसे.

जुलैमध्ये एका संस्थेने शाळेला वाचनपेटी दिली. पेटीत ६० चित्रपुस्तकं आणि प्रत्येक पुस्तकासोबत एक चर्चा कार्ड. पुस्तकं निवडताना जात, धर्म, लिंग, अपंगत्व, गरिबी हे विषय डोळ्यासमोर ठेवले आहेत, असं संस्थेने सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. छपाई चांगली, कागद जाड, अक्षर मोठं. शिक्षकांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही मिळालं. चौथीच्या बाईंनी रोज शेवटच्या तासाला एक पुस्तक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ३१ मुलांचा वर्ग. पहिले तीन आठवडे छान गेले.

काय घडलं

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी पेटीतलं एक पुस्तक काढलं. गोष्टीतल्या बाळ्याचे वडील गटारं साफ करतात. मुलं त्याच्याजवळ डबा खायला बसत नाहीत, म्हणून तो जिन्याखाली एकटा जेवतो. एके दिवशी शिक्षिकेला हे कळतं, त्या वर्गाला समजावतात आणि शेवटच्या पानावर सगळी मुलं बाळ्याभोवती गोल करून जेवतात.

वाचन झाल्यावर बाईंनी कार्डावरचे प्रश्न विचारले. चौथा प्रश्न होता: ‘तुमच्या ओळखीत असं काम करणारं कोणी आहे का?’

वर्गात क्षणभर कोणी बोललं नाही. मग दोन बाकांवरून माना मागे वळल्या आणि पाठोपाठ सगळा वर्ग वळला. मागच्या रांगेत सोनू बसला होता. त्याचे वडील शौचालयांच्या टाक्या उपसणाऱ्या एका ठेकेदाराच्या गाडीवर काम करतात. ही गोष्ट वर्गाला माहीत होती, पण वर्गात तिचा उच्चार तोपर्यंत कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला ‘बाळ्या’ अशी हाक मारली गेली. तिसऱ्या दिवशी तिसरी-पाचवीची मुलंही मारू लागली. शनिवारी तो पोट दुखतंय म्हणून आला नाही. पुढचा आठवडाभरही आला नाही. सातव्या दिवशी त्याची आई शाळेत आली. तिला वाचता येत नाही आणि पुस्तक तिने पाहिलेलं नव्हतं. गल्लीतल्या पोरांकडून ऐकून ती आली होती. तिने एवढंच विचारलं, “बाई, त्या पुस्तकात आमचं कशाला लिहून ठेवलंय?”

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत सगळ्यांचा कल ‘मुलांनी चिडवलं’ इथेच थांबण्याकडे होता. तसं थांबलं असतं, तर वर्गात दोन-चार जणांना रागावून प्रकरण मिटलं असतं आणि पेटीतलं पुढचं पुस्तक पुढच्या मुलावर उलटलं असतं. चौथीच्या बाई आणि संस्थेची समन्वयक ताई या दोघींनी पेटी उघडून पुस्तकं एकेक करून मोजायची ठरवली. या प्रकरणातला हा पहिला योग्य निर्णय. त्याला एक दुपार लागली, अडीच तास.

६० पैकी १९ पुस्तकं प्राण्यापक्ष्यांची, १२ लोककथा आणि राजाराणीची, ११ माहितीची. आजच्या काळातल्या, माणसांच्या मुलांच्या गोष्टी उरल्या १८. या अठरांपैकी दहांमध्ये घर म्हणजे शहरातला फ्लॅट. अपंग मूल दोन पुस्तकांत आणि दोन्ही पुस्तकं अपंगत्वाबद्दलचीच. मुस्लिम मुलगी एका पुस्तकात, तीही ईदच्या दिवशी. आदिवासी मूल एका पुस्तकात, जंगलात. हातावर पोट असलेले आईबाप चार पुस्तकांत आणि चारही गोष्टींत गरिबी हीच अडचण. ज्याचे वडील सफाईचं काम करतात असं मूल एकाच पुस्तकात.

मोजण्याची ही पद्धत नवी नाही. लंडनच्या सीएलपीई (सेंटर फॉर लिटरसी इन प्रायमरी एज्युकेशन) या संस्थेने २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली बालपुस्तकं अशीच तपासली होती. गौरेतर पात्र कुठेतरी दिसतं अशी पुस्तकं ४ टक्के निघाली आणि ते मुख्य पात्र आहे अशी फक्त १ टक्का. ‘दिसणं’ आणि ‘गोष्ट त्याची असणं’ हे दोन रकाने वेगळे ठेवायचे असतात. या दोघींनी त्यात तिसरा रकाना घातला: ‘त्या मुलाचं वेगळेपण हाच गोष्टीचा विषय आहे का?’ आणि इथेच खरं दुखणं सापडलं. पेटीत ‘वेगळी’ मुलं होती, पण वेगळेपण सोडून दुसरं काही करायला त्यांना गोष्टीत जागाच नव्हती. पतंग कटला, मांजर हरवलं, भावाशी भांडण झालं, असं काही फक्त फ्लॅटमधल्या मुलांच्या वाट्याला आलं होतं.

वर्गात एकच सोनू आणि पेटीत एकच बाळ्या. मुलांनी दोघांची जोडी लावली यात नवल नाही. सफाई कामगाराचा मुलगा सहा-सात पुस्तकांत असता, एकात सायकल शिकणारा, एकात खोटं बोलून पकडला जाणारा, एकात आजीबरोबर जत्रेला जाणारा, तर कुठल्या नावाने चिडवायचं हेच ठरलं नसतं.

अमेरिकेतल्या प्राध्यापक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये बालपुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारं म्हटलं होतं. मुलाला पुस्तकात स्वतः दिसावं, दुसऱ्याचं जग दिसावं आणि त्या जगात शिरताही यावं. समावेशक पुस्तकांच्या प्रशिक्षणात ही प्रतिमा हमखास सांगितली जाते. पण आरशात माणूस एकटा पाहतो. तीस मुलांसमोर एकाच्या तोंडापुढे धरलेला आरसा हा वेगळा प्रकार आहे, आणि त्याची तयारी शिक्षकांकडून करून घेतलेली नव्हती.

पुस्तकातही दोष होता. तो लेखकाच्या हेतूचा नव्हता, रचनेचा होता. गोष्टीत बाळ्या काहीच करत नाही. अडचण शिक्षिकेला कळते, सोडवतात त्या, आणि शेवटी वर्ग त्याला ‘जवळ घेतो’. म्हणजे मोठेपणा इतरांचा. शिवाय बापाला गटारात कोण उतरवतं हा प्रश्न गोष्टीत येत नाही. गटारं आणि टाक्यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गोष्टीत मात्र सगळा दोष डबा खाणाऱ्या मुलांचा. मराठीत याहून सरळ नमुना फार पूर्वीपासून आहे. पुण्याच्या फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिला कोणी जवळ घेत नाही. ती स्वतः प्रश्न विचारते.

समोरचे पर्याय

मुख्याध्यापकांचं मत होतं, पेटी बंद करून परत पाठवावी. त्यांची भीती अनाठायी नव्हती. जातीचा विषय, गावातलं वातावरण, आणि दोन पालकांनी आधीच विचारलं होतं की पोरांना हे असलं कशाला शिकवता. पण पेटी गेली असती तरी ‘बाळ्या’ हे नाव गेलं नसतं, आणि सोनूमुळे पुस्तकं गेली हे मुलांनी परस्पर ठरवलं असतं.

दुसरा पर्याय: चिडवणाऱ्या मुलांना वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावणं. हे कायद्यातही बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. आणि माफी स्वीकारण्यासाठी सोनूलाही पुढे यावं लागलं असतं.

तिसरा पर्याय समन्वयक ताईंचा. तेच पुस्तक पुन्हा वाचून, ‘कुठलंही काम हलकं नसतं’ अशी मोकळी चर्चा घ्यायची. ऐकायला चांगला, पण सगळ्यात धोक्याचा. चर्चा कितीही मोकळी असली तरी वर्गाचे डोळे एकाच बाकाकडे जाणार. शिवाय ‘कुठलंही काम हलकं नसतं’ हे वाक्य, ज्याचा बाप टाकीत उतरतो त्याला खोटं वाटतं. तो घरी अंगाला येणारा वास आणि खोकला पाहतो.

चौथा पर्याय वेळखाऊ होता: आधी सोनूला परत आणणं, पुस्तक मोठ्याने वाचायच्या यादीतून तूर्त काढणं, पेटीतला तोल बदलणं आणि वाचून दाखवायची पद्धत बदलणं. हाच निवडला गेला. मुख्याध्यापकांनी एक अट घातली, ‘शाळा व्यवस्थापन समितीला सांगितल्याशिवाय नवीन पुस्तक आणायचं नाही.’ सुरुवातीला ती अडथळ्यासारखी वाटली. पुढे तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

काय केलं

घरी कोणी जायचं यावर थोडा वाद झाला. ताईंना सोबत जायचं होतं. बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही आलात की ते पुन्हा पुस्तकाचंच होईल.” त्या एकट्या गेल्या, पुस्तक न घेता. सोनूच्या आईने दोन गोष्टी मागितल्या: त्याला वर्गात काही विचारायचं नाही, आणि कौतुक करायलाही पुढे उभं करायचं नाही. दुसरी मागणी ऐकून बाई चमकल्या, कारण त्याला वाचनपेटीचा प्रमुख करायचं त्यांच्या मनात होतं. तो बेत त्यांनी सोडला. त्याऐवजी पेटी सांभाळायचं काम हजेरी क्रमांकाने सगळ्यांकडे, प्रत्येकी दोन दिवस. सोनूची पाळी इतरांसारखीच, क्रमाने आली.

चिडवणाऱ्या चार मुलांशी बाई एकेकाशी वेगळ्या बोलल्या. त्यातून कळलं की वर्गात पुस्तकातली नावं लावायची सवयच पडली होती. एका जाड मुलाला पेटीतल्या हत्तीचं नाव, एका मुलीला भूतकथेतलं. बाईंनी सगळ्या वर्गासाठी एक नियम केला: ‘पुस्तकातलं नाव पुस्तकात ठेवायचं.’ नियमात जातीचा उल्लेख नाही, सोनूचा नाही. हत्तीच्या आणि बाळ्याच्या नावात केवढं अंतर आहे, ते मात्र त्या चौघांना स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्यांच्या पालकांना बोलावून घेतलं नाही. या एका निर्णयावर शाळेत अजूनही दोन मतं आहेत.

मग पुस्तकांचा तोल. हाताशी रक्कम ९,००० रुपये. नुसती पुस्तकं घेतली असती तर सहज शंभर आली असती. पण एक-एक प्रत असली की पुस्तक वर्गासमोरच वाचलं जातं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला होता. म्हणून रक्कम अशी वाटली: ३६ वेगवेगळी पुस्तकं, सरासरी ९० रुपयांची, म्हणजे ३,२४० रुपये. आठ पुस्तकांच्या पाच-पाच प्रती, सरासरी ७५ रुपये, म्हणजे ३,००० रुपये. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या दहा गोष्टींच्या रंगीत प्रती, बारा बाजू प्रत्येकी, बाजूला १० रुपये, म्हणजे १,२०० रुपये. कापडी चिकटपट्टी, दोरा आणि जाड पुठ्ठा ४०० रुपये. उरलेले १,१६० रुपये मुलांच्या स्वतःच्या पुस्तकांच्या कागद-रंगांसाठी.

स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी मुक्त परवान्यावर असतात. लेखक-चित्रकाराचं श्रेय ठेवून त्या छापता येतात, भाषांतरही करता येतं. चूक होते ती इथे: पैसे वाचवायला लोक शेवटचं पान गाळतात, आणि श्रेय नेमकं त्याच पानावर असतं. ते छापायलाच हवं. दुसरी अडचण वाचनपातळीची. तिसरीच्या मुलाला चालेल म्हणून निवडलेल्या गोष्टीत पानभर मजकूर निघतो. निवडण्याआधी पडद्यावर पूर्ण गोष्ट मोठ्याने वाचून बघायची, चार मिनिटांत संपली तर ती सुरुवातीच्या वाचकांसाठी ठीक.

पुस्तक घ्यायचं की नाही हे ठरवायला बाई, ताई आणि व्यवस्थापन समितीतल्या तीन माता बसल्या. या समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदाच सांगतो, पण पुस्तकं निवडायला त्यांना बसवल्याचं सहसा ऐकू येत नाही. तिघींपैकी दोघींना वाचता येत नव्हतं. त्यांनी फक्त चित्रं पाहिली आणि शिक्षकांच्या नजरेतून निसटलेलं बरंच पकडलं. एका पुस्तकात गावातली बाई म्हणून दाखवलेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर हंडा होता. दुसऱ्यात चोर तेवढा काळा. तिसऱ्यात मजुराचं घर इतकं पडकं की एक आई म्हणाली, “आम्ही पत्र्यात राहतो, पण सारवलेलं असतं.” चौथं त्यांनी डब्यावरून नापास केलं: साऱ्या वर्गाच्या डब्यांत पोळी-भाजी, एकाही डब्यात भाकरी नाही, अंडं नाही, सुकट नाही.

नावांकडे लक्ष ताईंनी वेधलं. चित्रपुस्तकांतल्या मुलांची नावं अन्वय, सई, चिन्मय. वर्गातल्या हजेरीत समाधान, अल्फिया, राजनंदिनी, पूजा, आरिफ. बोलीचाही मुद्दा निघाला. दोन पुस्तकांत गावातली पात्रं ‘काय रं, कुठं चाल्ला’ असं बोलत होती, पण फक्त हसवण्यापुरती. शहाणं बोलायची वेळ आली की तोंडी प्रमाण मराठी. ही दोन्ही बाजूला ठेवली. प्राध्यापक नाही, समीक्षक नाही, पण दोन दुपारींत या पाच जणींनी जी चाळणी लावली ती अनेक निवड समित्यांच्या छापील निकषांपेक्षा बारीक होती, असं म्हणायला हरकत नाही.

सगळ्यात उपयोगी ठरलेला प्रश्न साधा होता: त्या मुलाचं वेगळेपण गोष्टीतून काढलं तर गोष्ट उरते का? चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीचा पतंग झाडात अडकतो आणि ती मांजाला दगड बांधून तो सोडवते, इथे खुर्ची काढली तरी गोष्ट उरते. अशी पुस्तकं चारात तीन असावीत असं ठरलं. उरलेल्या एका हिश्श्यात विषयावर थेट बोलणारी, आणि त्यांना दुसरा प्रश्न लावायचा: अडचण सोडवतं कोण?

वाचून दाखवण्याची पद्धत बदलायला मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. चर्चा कार्डांवरचा ‘तुमच्या ओळखीत’, ‘तुमच्या वर्गात’ असा प्रत्येक प्रश्न खोडला. साठ कार्डांत असे ३७ प्रश्न निघाले. त्यांच्या जागी पुस्तकातच उत्तर सापडेल असे प्रश्न: डबा खायला त्याने कुठली जागा निवडली, तीच का? हे आधीच कोणाला कळलं होतं, चित्रात शोधा. शेवटचं पान तुम्ही काढलं असतं तर काय काढलं असतं? मुलाला स्वतःबद्दल बोलावंसं वाटलं तर ते बोलतं. पण दार त्याच्या बाजूने उघडायला हवं.

कुठलंही पुस्तक वर्गासमोर धरण्याआधी बाई आता एक गोष्ट तपासतात: या पात्रावरून थेट बोट दाखवता येईल असं एकच मूल वर्गात आहे का? असेल तर ते पुस्तक आधी रॅकवर ठेवायचं, घरी न्यायला मोकळं. तशाच मुलाची साधी, रोजच्या आयुष्याची दोन-तीन पुस्तकं वाचून झाल्यावर, मग वर्गात. पाच प्रती असतील तर सहा-सहाच्या गटात. इयत्ता दुसरीत श्रवणयंत्र वापरणारी एक मुलगी आहे. तिच्यासाठी आधी जी गोष्ट घेतली तिच्यातली नायिका चोर शोधते आणि तिच्या कानाला यंत्र असतं, एवढंच. एका मुलाने विचारलं, “हिचं मशीन पावसात चालतं का?” बाई उत्तर शोधेपर्यंत दुसरीतल्या त्या मुलीनेच सांगितलं, “नाही, काढून डबीत ठेवायचं असतं.” पुढची दहा मिनिटं प्रश्न तिलाच होते, आणि उत्तरं द्यायला ती उभी राहिली नव्हती, बसूनच बोलत होती.

मुलांनी स्वतः पुस्तकं करायचं ठरलं तेव्हा पहिला विषय सुचला ‘माझ्या आईवडिलांचं काम’. तो लगेच रद्द केला, कारण पुन्हा तेच झालं असतं. शेवटी विषय ठेवला ‘आमच्या घरातलं एक अवजार’. विळी, थापी, ओळंबा, शिलाई मशीनची बॉबिन, पाना, खुरपं. अवजार कुठलं निवडायचं हे मुलाच्या हातात, त्यामुळे किती सांगायचं हेही त्याच्याच हातात. सोनूने पक्कड काढली. सायकलची चेन पकडीने कशी बसवतात ते चार चित्रांत. ते पुस्तक वर्गात बरंच फिरलं, कारण चेन सगळ्यांच्याच निघतात.

दोन गोष्टी गोरमाटीत करायचा प्रयत्न झाला. पहिला मसुदा एका शिक्षकाच्या ओळखीच्या तरुणाने केला, तो दुसऱ्या जिल्ह्यातला. मुलांच्या आयांनी ऐकून निम्मी क्रियापदं बदलायला लावली. देवनागरीत लिहिलेली आपली भाषा मुलांना पहिल्यांदा वाचताच येईना, कारण ती त्यांनी कधी लिहिलेली पाहिली नव्हती. मोठ्याने वाचल्यावर मात्र ‘याडी’ (आई) हा शब्द येताच मुलं ओरडली. दोन्ही प्रती आता चिकटपट्ट्यांवर तग धरून आहेत.

निष्पन्न

सोनू बाई घरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आला. ऑगस्टअखेरपासून एप्रिलपर्यंत त्याची हजेरी वर्गाच्या सरासरीइतकी राहिली. वर्गात ‘बाळ्या’ ही हाक सप्टेंबरमध्ये बंद झाली. रस्त्यावर, मोठ्या मुलांच्या तोंडी ती अजून अधूनमधून येते. शाळेला ते थांबवता आलेलं नाही.

पुस्तकं घरी नेण्याचं प्रमाण वाढलं. कपाटाच्या काळात महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आता चौथीतच आठवड्याला वीसच्या पुढे. वर्षअखेर ११ पुस्तकं हरवली आणि १४ फाटली. व्यवस्थापन समितीने भरपाई मागायची नाही असा ठराव केला. पाच प्रतींच्या आठ पुस्तकांपैकी दोन मुलांनी जवळपास हातात घेतलीच नाहीत. विषय उत्तम, पण अक्षर बारीक आणि पानभर मजकूर. ही निवड चुकली.

पेटीवर आक्षेप घेणाऱ्या दोघा पालकांपैकी एकाने समितीच्या बैठकीत पुन्हा विषय काढला. उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागलं नाही. निवडीला बसलेल्या तीन मातांनी पुस्तकं टेबलावर मांडली आणि आम्ही बघून घेतलीत म्हणून सांगितलं. त्या गृहस्थांची मुलगी आधीपासूनच पुस्तकं नेत होती.

वेगळं काय करता आलं असतं

पुस्तक बाईंनी वर्गाआधी एकदा पूर्ण वाचलं असतं आणि कार्ड हजेरीशी ताडून पाहिलं असतं, तर चौथा प्रश्न बहुधा विचारलाच गेला नसता. पण हा दोष त्यांच्या एकटीच्या माथी मारणं बरोबर नाही. रोज एक पुस्तक वाचायचं असं उद्दिष्ट संस्थेनेच दिलं होतं आणि त्यात आधी वाचण्याची वीस मिनिटं कुठेच धरलेली नव्हती. आठवड्याला तीन पुस्तकं ठेवली असती तरी पुरलं असतं.

प्रशिक्षणात पुस्तकांची यादी होती, विषय होते, हावभाव करून वाचायचा सराव होता. ‘वर्गातलं एखादं मूल या पात्राशी जुळलं तर काय करायचं’ हा प्रश्न नव्हता. अर्ध्या दिवसातला एक तास तरी त्यावर द्यायला हवा होता, तोही खऱ्या पुस्तकासह.

पेटी मोजायचं काम ती शाळेला देण्यापूर्वी व्हायला हवं होतं. ते प्रकरण घडल्यावर झालं. साठ पुस्तकांना अडीच तास लागतात, यापेक्षा स्वस्त तपासणी नाही.

मातांना पहिल्या खरेदीपासून बसवता आलं असतं. त्यांच्यात सफाई कामगारांच्या घरातली कोणी नव्हती, ही त्रुटी शेवटपर्यंत राहिली. सोनूच्या आईला विचारलं होतं. ती नको म्हणाली आणि पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं का, यावर बाई आणि ताईंचं एकमत झालेलं नाही.

आणि ते पुस्तक. तूर्त बाजूला ठेवलेलं, डिसेंबरमध्ये काहीही न बोलता रॅकवर आणून ठेवलं. शेवटच्या पानासमोर मुलांनी काढलेली दुसरी शेवटची पानं चिकटवावीत असा बेत होता, तो राहून गेला. फेब्रुवारीच्या नोंदवहीत त्या पुस्तकासमोर सोनूचं नाव आहे, त्याच्या स्वतःच्या अक्षरात. परत केल्याची तारीख तीन आठवड्यांनंतरची. घरी कोणी वाचलं, काय म्हणालं, हे बाईंनी विचारलं नाही.